आमच्या नाटकात कुणी मरंना

बोरजाईवाडी, विट्याजवळ
१२ जानेवारी १९६४

लाला गड्या, जालिंदरचा रामराम घे.

पलटणीतनं कायमचा घरला आलो त्याला वरीस व्हत आलं, आन् साताऱ्याला तुला एक कार्ड टाकलं न्हाई. आता काम पडलं म्हणून आठवण झाली. व्हय, काम पडलंय. त्ये तुझ्याबिगर हुणारं न्हाई, न्हाईतर कचेरीतल्या कारकुनाचा येळ कशाला खाल्ला असता.

सरळ सांगतो. मला विजयमालेसंगं लगीन करायचंय. आप्पासो पाटलांची विजयमाला, शाळंत आपल्या दोन इयत्ता मागं हुती. पत्रिकंत मंगळ हाय म्हणून अजून ऱ्हायलीया. तिला इचारलं, ती व्हय म्हणाली. मग आप्पासोंना इचारलं, तर त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. बर्फात दोन बोटं गेली त्ये तुला ठावं हाय. म्या त्यांच्यासमोर अंगणात चालून दावलं, पळून दावलं. त्ये म्हणाले, पाय चालतोय रं, पण गावात तुझं नाव कुठं चालतंय?

आता गंमत ऐक. आप्पासो मागं सांगलीला पावण्यांकडं गेलं हुतं. तितं त्यांनी एक खुनाचं नाटक बघितलं. बंगला, कोट, चहाच्या कपबश्या, आन् एकामागनं एक माणसं मरत्यात. तवापास्नं त्यांना दुसरं कायच गोड लागंना. ह्या चैताच्या जत्रंला तमाशा बंद, त्यांनी पंचांस्नी सांगून टाकलंय. मला म्हणाले, "असलं खुनी नाटक उभं कर. पंचक्रोशीत गावाची अब्रू राखलीस तर पोरगी तुझी. न्हाई राखलीस, तर पुन्हा माझ्या दारात यायचं न्हाई."

दिवाळीला तुझी खुनाची गोष्ट छापून आल्याली, ती हितं समद्यांनी वाचली. तवा नाटक तूच लिव. माझं लगीन तुझ्या टाकाला लटकलंय गड्या.

तुझा,
जालिंदर

*

शनिवार पेठ, सातारा
२९ जानेवारी १९६४

प्रिय जालिंदर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कचेरीत एकही कागद धड लिहिला नाही. माझी गोष्ट गावात वाचली गेली हे मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. आमच्या आईला कार्ड टाकून विचारलं तर तिनं कुणाकडून तरी लिहवून कळवलं, व्हय, वाचली, चुलीपाशी हाय. म्हणजे काय ते समजलो.

नाटक सोबत पाठवतोय. नाव 'पाचगणीचे सहा पाहुणे'. हसत-खेळत वाचू नकोस, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. ऐन श्रावणात पाचगणीच्या एका बंगल्यावर सहा जणांना जेवणाचं बोलावणं येतं. बोलावलं कुणी, ते एकालाही ठाऊक नाही. सहाही जण येतात, आणि त्याच संध्याकाळी घाट कोसळतो, टेलिफोनची तार तुटते. खाली जायला वाट नाही. मग एकेक पाहुणा मरायला लागतो. बाहेरून कुणी येऊ शकत नाही, म्हणजे खुनी त्या सहांतलाच एक. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायला घाबरतो. शेवटी दोघं उरतात तेव्हा प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला पाहिजे.

खुनी डॉक्टर आहे. हे फक्त तुला सांगतोय. नाटक उभं राहीपर्यंत डॉक्टरचं काम करणाऱ्यालासुद्धा शेवटचा अंक दाखवू नकोस. नाव फुटलं की नाटक संपलं.

विजयमालेचं वाचलं. चांगलं आहे.

तुझा,
लालासाहेब

*

बोरजाईवाडी
१६ फेब्रुवारी १९६४

लाला गड्या,

नाटक एक लंबर. पर हितं लय अडचणी झाल्यात, त्या वरनं खाली सांगतो.

पयल्यांदा आप्पासोंनी नाटक तपासायला घरी नेलं. त्यांना वाचता येत न्हाई, तवा विजयमाला वाचून दावती आन् त्ये मान हलवत्यात. म्हंजे तिला खुनी ठावं झाला, आप्पासोंस्नी झाला, आप्पासोंनी सकाळच्याला पारावर सांगितला. आता गावात ज्याला त्याला ठावं हाय की डाक्टर खुनी हाय. पर त्याचं कुणाला वाईट वाटंना. म्हणत्यात, बरं झालं, आधी कळलं म्हंजे बसून नीट बघता येतंय.

दुसरं, घाट कोसळला म्हंजे पावनं अडकलं कशापायी, ह्ये कुणाच्या डोस्क्यात शिरंना. तालमीला बसल्याली म्हातारी माणसं म्हणत्यात, गाडीरस्ता गेला तर पायवाट हाय की, वाईला उतरायचं, तासाभराचं काम. आपल्या गुळाच्या पाट्या डोस्क्यावर घिऊन माणसं चढल्याली हायती. कोटवाल्यांना काय झालं? मग म्या माझ्या मनानं एक वाघ घातला. पायवाटंवर वाघ बसलाय. तर म्हणाले, वाघ हाय तर मग डाक्टरची गरज काय?

आन् पावण्याला जेवायच्या आधी मारायचा न्हाई, असं समद्या बायांचं पडलं. तुझा वकील पयल्या अंकात ताटावर बसायच्या आधी मरतो. उपाशी पावना दारात मेला तर त्या घराला सात पिढ्या पाप. आता आमी त्याला भाकरी, पिठलं, कांदा समदं घालतो आन् मग मारतो. वकील केरबा झालाय, त्याला इतकं जेवण लागतंय की त्यो मेल्यावर घोरतो.

पर ह्ये समदं परवडलं. खरी अडचण येगळी. आपला आकाराम, तुला ठावं हाय, हैद्राबादेत सोनं-चांदी गाळायची गलाई करतो, त्यो जत्रा हुईपत्तुर ऱ्हायला आलाय आन् नाटकात शेट झालाय. दुसऱ्या अंकात त्याला इख घालत्यात. त्यो धाडदिशी पडला, आन् दारातनं त्याची मनूबाई वरडत आली. कपाळाला हात, हातात हळदी-कुकवाचं ताट. म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत माझा धनी आडवा पाडायचा न्हाई. नाटक आसंल तुमचं. कुकू माझं हाय." तिनं आकारामाला हाताला धरून उठीवलं, तितंच ओवाळलं आन् घरला नेलं.

तवापास्नं एकबी लगीन झाल्याला गडी मरायला तयार न्हाई. बायका म्हणत्यात, जिता नवरा माती झाल्यासारखा निजीवणं ह्ये अभद्र. आमच्यात आता मरायला मोकळं म्हंजे एक केरबा, त्याचं लगीन न्हाई, आन् दुसरा यल्लाप्पा, त्याची बायकू वारलीया. तिसरा मी.

मरणारं मिळंनात गड्या. जत्रा जवळ आली. आप्पासो रोज इचारत्यात, किती मेलं? मी काय सांगू?

जालिंदर

*

सातारा
२४ फेब्रुवारी १९६४

जालिंदरा,

माझ्या नाटकात वाघ नव्हता. वाघ काढ.

खुनाच्या नाटकात कुणी मरायचंच नसेल तर त्याला कीर्तन म्हणायचं आणि खाली पंगत बसवायची. तुमची पंगत तर पहिल्या अंकातच बसलेली दिसते. एकांतात अडकलेल्या माणसाची भीती म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला कळणारच नाही, कारण आपल्याकडं एकांत असतोच कुठं? मेलेल्या माणसाच्या खोलीतसुद्धा शेजारची म्हातारी तंबाखू मागायला यायची.

तरी तुझ्यासाठी बदल करतो. लग्न झालेले पाहुणे जिवंत राहू देत, नुसते घाबरू देत. मरायचं काम बिनलग्नाच्यांनी आणि विधुरांनी करायचं. गोष्टीत एक कारण घालतो, की बिनलग्नाच्या माणसांविषयी डॉक्टरच्या मनात जुना राग आहे. का, ते माझं मला माहीत नाही, पण लिहिताना सुचेल.

यल्लाप्पाला सांग, मरताना डोळे उघडे ठेव. आणि केरबाला कमी वाढा.

लालासाहेब

*

बोरजाईवाडी
१२ मार्च १९६४

लाला गड्या,

वाघ काढला. त्यो करणारा पोरगा रडला, पर काढला.

तुझ्या बदलानं जे झालंय त्ये ऐकून तू खुर्चीतनं पडशील. बिनलग्नाचंच मरत्यात, ही गोष्ट गावोगाव गेली. मग पोरींच्या बापांना आयती सोय झाली. पंचक्रोशीतली माणसं तालमीला यिऊन बसाय लागली, आन् जो मरंल त्याच्या घरी दुसऱ्या दिशी सोयरिकीचं इचारणं. एरवी गावात कोण मोकळा हाय ह्ये परगावच्याला कळत न्हाई, हितं तर खुनी डाक्टर बोट दावून सांगतोय.

यल्लाप्पा लय देखणा मरतो. तू म्हणालास तसं डोळं उघडं ठिवतो, एक हात छातीवर. म्हसवडच्या एका बापानं त्याला मेल्याला बघितला आन् तितंच सुपारी फोडायची गोष्ट काढली. झालं, यल्लाप्पाचं जमलं. आता त्याचा हुणारा सासरा म्हणतो, सुपारी फुटल्यावर जावई मरायचा न्हाई. केरबाचं बी मागच्या आठवड्यात ठरलं. त्याच्या सासऱ्यानं तर मेल्यावानी दिसतंय म्हणून त्याला भिंतीला टेकून बसायचीसुद्धा बंदी घातली.

आता मरायला एकटा मी. आन् तिकडं डाक्टर कुणी व्हयना. आपला मानसिंग ठावं हाय न्हवं, त्यानं धा वर्सामागं कृष्णलीलंत कंस केला, तर आजबी आयाबाया त्याच्या हातात तान्हं पोर देत न्हाईत. खुनी झाल्यावर कोण पोरगी दील? ज्यांची लग्नं झाल्यात त्यांच्या बायका म्हणत्यात, खुन्याची बायकू म्हणून पाणवठ्यावर कसं जायाचं? तवा नाटकाचा मालक म्हणून डाक्टरचा कोट माझ्या अंगावर आला.

आप्पासोंनी मला कोट घातल्याला बघितलं आन् त्ये तालीम अर्ध्यात सोडून घरला गेलं. मला त्यांचं त्ये जाणं बरं वाटलं न्हाई.

त्यात आणखी हुकूम काढलाय की नाटक दुपारी करायचं. बायामाणसं अंधारात खून बघून भ्यालती तर घरी सोबतीला कोण जाणार? तुझ्या नाटकात तीनदा दिवा जातोय आन् अंधारात खून हुतोय. ऐन उनात दिवा कसा घालवायचा? आमी असं ठरीवलंय की मी पुढं यिऊन म्हणणार, मंडळी, दिवा गेला, डोळं मिटा. समद्यांनी मिटायचं. तालमीत करून बघितलं, झकास जमतंय. फकस्त आप्पासो एक डोळा उघडा ठिवत्यात, म्हणत्यात, पंच म्हणून मला बघावं लागतंय.

आता तुझ्याकडं एक मागणं. डाक्टरला शेवटी जरा सुधारून दे. त्यानं खून केलं खरं, पर त्याला पस्तावा झाला, पावण्यांनी माफ केलं, असं काय तरी. मी खुनी म्हणून आप्पासोंच्या डोळ्यांत भरलो तर माझी विजयमाला गेली.

जालिंदर

*

सातारा
२० मार्च १९६४

जालिंदर,

कचेरीत वर्षअखेरीची घाई आहे, म्हणून थोडक्यात. आप्पासो परवा साताऱ्याला आले होते, कोर्टाचं काम होतं म्हणे. माझ्याकडं उतरले. तब्येत बरी दिसली.

तिसरा अंक नवा लिहिला आहे, सोबत आहे. डॉक्टरला सुधारायचं जमलं नाही. कलेत असं होत नाही. उलट तो आणखी थोडा वाईट झाला आहे. आता तो बंगल्याच्या माळ्याच्या म्हाताऱ्या आईलाही विहिरीत ढकलतो आणि कुत्र्याला मारतो. त्याशिवाय परिणाम साधत नाही.

काम तूच कर. तुला शोभेल.

लालासाहेब

*

बोरजाईवाडी
२७ मार्च १९६४

लाला,

नवा अंक मिळाला. नेमाप्रमाणं आप्पासोंकडं गेला, विजयमालेनं वाचला. काल देवळामागं ती मला भेटली. म्हणाली, "आवं, तुमचा दोस्त तुमच्यावर रागावलाय का?" म्या म्हणालो, न्हाई, का गं? तर म्हणाली, म्हातारी ठीक हाय, पर कुत्र्याला मारल्याल्या माणसाला ह्या गावात कुणी पाणी देणार न्हाई. ह्ये ज्यानं लिवलं त्याला ठावं हुतं.

मग ती म्हणाली, दादा (बापाला ती दादा म्हणती) साताऱ्याला कोर्टाच्या कामाला गेलंच न्हवतं. आमची कुठली बी तारीख न्हाई. त्ये पत्रिका घिऊन गेलं हुतं.

मी पलटणीत असताना चौकीवर एकटा उभा ऱ्हायलोय, चहूकडं बर्फ. समोर शत्रू हाय ह्ये ठावं असतंय, त्याचं काय वाटत न्हाई. पर आपल्याच बंकरमधनं गोळी आली तर माणूस कुठल्या अंगाला पडायचा, सांग.

तुझ्या नाटकातलं मला आता समजाय लागलं. सहा जणं जेवाय बसत्यात, त्यातला एक मारतोय, आन् ज्यो मरतो त्याला शेवटपत्तुर वाटतं की ह्यो आपला माणूस हाय. खुनी मला गावला लाला.

तिनं बापाला इचारलं, लालासाहेब काय म्हणालं? आप्पासो म्हणाले, 'बघू' म्हणाला. आपल्यात बघू म्हंजे निम्मं लगीन, ह्ये तुला मी सांगायला नगं.

मला फकस्त एवढं कळीव, तू तसं म्हणालास? व्हय का न्हाई?

जालिंदर

*

सातारा
२ एप्रिल १९६४

जालिंदरा,

हो.

आप्पासो आले, चहा घेतला, बशीत ओतून दोनदा घेतला. मग म्हणाले, तुलाही मंगळ आहे, पत्रिका जमते, सरकारी नोकरी आहे, पाय धड आहेत. तो बिचारा जालिंदर चांगला आहे, पण परवा त्याला खुन्याच्या कोटात बघितलं आणि माझं मन उडालं. मी तेव्हाच 'नाही' म्हणायला हवं होतं. तुझं नाव घ्यायला हवं होतं. मी 'बघू' म्हणालो. ते गेल्यावर मी बसून तिसरा अंक लिहिला, आणि लिहिताना माझा हात थांबला नाही. कुत्र्याचं वाक्य लिहिताना तर मला मजा आली. मला माझीच लाज वाटते.

ती मला शाळेपासून आवडते. हे एकदाच लिहितोय, पुन्हा लिहिणार नाही. तू पलटणीत गेलास, मी साताऱ्याला आलो, आणि विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं. तू सरळ जाऊन विचारलंस. त्यात तुझा काही गुन्हा नाही.

आता नीट ऐक. डॉक्टरचा कोट उतरव. डॉक्टर मी करणार आहे. रजा टाकली आहे, जत्रेच्या आदल्या दिवशी येतो. म्हातारी, कुत्रा, सगळं तसंच राहू दे, एक अक्षर गाळू नकोस. पंचक्रोशीसमोर मी ते करीन, मग आप्पासो काय, साताऱ्यापासून जतपर्यंत कुणीही मला पोरगी सांगून यायचा नाही. त्यांची पत्रिका आपोआप परत जाईल, आणि मला 'नाही' म्हणावं लागणार नाही, कारण ते माझ्याच्यानं झालं नसतं.

मरायला बिनलग्नाचा तू एकटाच उरलास, तर तूच मर. तीनही वेळा. पहिल्या अंकात इंजिनिअर म्हणून मर, दुसऱ्यात भावाला शोधायला आलेला धाकटा भाऊ म्हणून, तिसऱ्यात मिशी लावून त्यांचा चुलता. घाट बंद असताना हे नातेवाईक वर कसे आले, असं कुणी विचारलं तर सांग, पायवाटेनं. ते त्यांना पटेल.

देखणा मर. तीनही वेळा.

लालासाहेब

*

बोरजाईवाडी
२० एप्रिल १९६४

लाला, माझ्या राजा,

तू पळालास त्यामुळं पुढचं काय तुला ठावं न्हाई. आधी सांग, लागलं कुठं? नारळ पाठीत बसला का खांद्यात? गुळाच्या ट्रकवाला विट्यात भेटला, म्हणाला, एक खुनी कोटवाला माझ्या ढेपांवर बसून कराडपत्तुर गेला. म्हणून पत्र लिवायचा धीर झाला.

दोन अंक तू बघितलंस. पयल्यांदा मी मेलो तवा बाया हळहळल्या. दुसऱ्यांदा मेलो तवा म्हाताऱ्या रडाय लागल्या, म्हणाल्या, एकाच घरावर किती हे. तू कुत्र्याला मारलंस तवाच काय तरी हुणार ह्ये मला दिसलं हुतं. त्यात तू असा हसलास की माझ्याच अंगावर काटा आला. तिसऱ्या अंकात, मंडळी डोळं मिटा म्हणालास, पर एकानंबी मिटलं न्हाईत. समद्यांनी तुझ्यावर डोळं रोखल्यालं. तू कपात इख वतलंस, मी प्यालो, पडलो, आन् पयला नारळ आला. मग चपला. मग आकाराम म्हणजे तुझाच एक पावना वरडला, धरा त्याला, आन् त्योच पुढं पळाला. पडदा वढणारं गडीबी तुझ्यामागं गेलं.

मी पडून ऱ्हायलो. पडदा पडल्याबिगर मेल्याल्यानं उठायचं न्हाई, ह्ये तूच लिवलं हुतंस. पडदा वढायला कुणी न्हाई. मैदानात निम्मी माणसं तुझ्यामागं, निम्मी माझ्याकडं बघत. ऊन तोंडावर, मिशी सुटून गालावर आल्याली. मी इचार केला, आता दिवस मावळंपत्तुर आपुन हितंच.

तेवढ्यात विजयमाला बायांच्यातनं उठली आन् सरळ वर आली. चैताच्या जत्रंत, समद्या पंचक्रोशीसमोर, पाटलाची पोरगी. तिनं माझी मिशी काढली, हाताला धरलं आन् म्हणाली, "उठा आता. पुरं झालं मरणं."

मी उठलो. ती माझा हात सोडंना. खाली आप्पासो उभं. ती त्यांना म्हणाली, दादा, ह्यो माणूस माझ्यापायी एका दुपारी तीनदा मेला, आता तुमी किती म्हणता? आप्पासोंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सांगलीचं पावनं बसल्यालं, म्हसवडचं बसल्यालं. मग खाली मान घालून म्हणाले, बघू. आन् समदी जत्रा हसली.

वैशाखातली तिथी धरलीया. मंगळाचं आप्पासोंनीच मिटवलं, म्हणाले, तीनदा मरून उठला त्याला मंगळ काय करणार. नाटकाचंबी लय नाव झालं. तीन गावांनी पुढल्या वर्साला बोलीवलंय, त्यांना तूच डाक्टर पायजेस. तुझ्या आईला मात्र दोन दिवस कुणी इरजण दिलं न्हाई, त्ये विजयमालेनं जाऊन दिलं.

आता हट्ट धरतो. लगनाला तू पायजेस. आप्पासो म्हणत्यात, खुन्याला मांडवात कसा घ्यायचा, पर त्यांना मी गप करतो. आन् अंतरपाट तूच धरायचा. माझ्या अंगाला तूच उभा ऱ्हा. ह्या लगनात तुझ्यापेक्षा जवळचं दुसरं कोण हाय मला?

तुझा,
जालिंदर

*

सातारा
२७ एप्रिल १९६४

प्रिय जालिंदर,

नारळ खांद्यात बसला. गुळाचे डाग कोटावरनं निघत नाहीत. कचेरीत एकाच्या सासुरवाडीचा कुणी तरी जत्रेत होता, त्यामुळं आता मी पाणी प्यायला उठलो की सगळे आपापले पेले जवळ ओढतात. बाकी ठीक आहे.

पत्र तीनदा वाचलं. ती वर आली ते वाचून फार बरं वाटलं. खरंच सांगतो.

लग्नाला येतो. आप्पासोंना म्हणावं, मागच्या बाजूला उभा राहीन. पोरं खुनी म्हणून ओरडली तर ओरडू देत. आईला दिलेल्या इरजणाबद्दल तिला माझा नमस्कार सांग.

फक्त अंतरपाट मला धरायला सांगू नकोस. बाकी मांडवाला फक्त कापड दिसतं. धरणारा दोघांच्या मधे उभा असतो, त्याला दोन्हीकडचं दिसतं. तू कसा दिसशील ते मी बघितलं असतं. पण कापड खाली जायच्या आधी ती तुझ्या बाजूला कशी बघत असेल, ते मला एवढ्या जवळनं बघवणार नाही. माझ्या हातनं कापड सुटेल, आणि मुहूर्ताआधी सुटलं तर तुझ्या लग्नाला बाधा.

तेवढं दुसऱ्या कुणाला तरी सांग. मी लांबून अक्षता टाकीन.

तुझा,
लालासाहेब